बाणाचा विसावा

आमच्या घरात वस्तूंना दोन-दोन नावं असत, एक जगाचं आणि एक बाबांचं. डिशवॉशरला बाबा भांडेबाई म्हणत. गॅरेज म्हणजे गाडीचा गोठा, पानं उडवायचं यंत्र म्हणजे फुंकण्या, आणि फोनवरचे निरोप साठवणारं मशीन म्हणजे निरोप्या. बाबा पुण्याचे, कंपनीत दिवसभर इंग्रजी बोलून घरी यायचे आणि बूट काढता काढता मराठी शब्द पाडायला बसायचे. आई नागपूरची. ती कोथिंबिरीला सांबार म्हणायची, आणि "सांबार आण गं फ्रीजमधून" म्हटलं की बाबा दरवेळी, अगदी दरवेळी, "डोसे कुठे आहेत?" असं विचारायचे. आई लाटणं दाखवायची. माझा दादा, अमेय, माझ्याकडे बघून डोळे फिरवायचा आणि म्हणायचा, "दे आर सो लेम." आम्ही दोघं इंग्रजीतच उत्तर द्यायचो. मराठी कानात भरपूर होती, पण जिभेवर यायला तिला कारण मिळालं नव्हतं.

हे घर अमेरिकेत, अल्फारेटाला होतं, जिथे सगळी घरं एकाच नकाशावरून काढल्यासारखी आणि मागे थोडी थोडी पाइनची झाडं सोडलेली. त्या झाडांतून हरणं यायची. आईने लावलेली वांगी, मेथी, झेंडूसुद्धा खाऊन जायची आणि सकाळी आई गाउनवरच बाहेर जाऊन त्यांना वऱ्हाडीत शिव्या द्यायची. दादा एकोणीस वर्षांचा होता. कम्युनिटी कॉलेजला जायचा, हार्डवेअरच्या दुकानात काम करायचा, आणि तिथल्या कोणा मित्राबरोबर धनुष्यबाण शिकायला लागला होता. आमच्या भागात बंदुकीने शिकारीला बंदी होती, धनुष्याने मात्र परवानगी होती. मित्राचंच धनुष्य घेऊन तो मागच्या अंगणात भुशाच्या पोत्यावर बाण मारायचा. बाण लागल्याचा आवाज जड उशी जमिनीवर टाकल्यासारखा यायचा. जिन्याच्या मधल्या पायरीवर वाचत बसले की मला तो ऐकू येई, आणि दोन आवाजांच्या मधे बराच वेळ गेला की समजायचं, बाण पुन्हा दांडीवरून घसरून पडला आहे आणि दादा पुटपुटत तो उचलतो आहे.

तो कसा गेला ते मी इथे लिहिणार नाही. पाऊस होता, हायवेची एक्झिट होती, चूक दुसऱ्या गाडीची होती. त्यापलीकडे मला तेव्हाही काही कळलं नाही आणि इतकी वर्षं त्यावर विचार करूनही आता कळत नाही. आज मी बाबांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे. तरी त्या ऑगस्टकडे बघताना मी सोळा वर्षांचीच असते.

नंतर घर माणसांनी भरलं आणि मग एकदम रिकामं झालं. मंडळातल्या काकू फॉइलच्या ट्रेमधून पुलाव, वरण, छोले आणून देत. प्रत्येक ट्रेवर मास्किंग टेपने नाव चिकटवलेलं. फ्रीजमध्ये जागा उरली नाही तेव्हा गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये ठेवू लागलो. सगळ्या पुलावांची चव एकच लागायची. आईचा कुकर बंद होता. ती दादाच्या खोलीत दार लावून असे आणि बाबा खाली ऑफिसच्या खोलीत दार लावून. दोन्ही दारांच्या बरोबर मधे जिना होता आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर मी. एसीची घरघर, बाहेर झाडांतल्या किड्यांची करकर, आणि अधूनमधून फ्रीजमध्ये बर्फ तयार होऊन खाली पडल्याचा खडखडाट. तो आवाज झाला की वरच्या खोलीत आई दचकल्याचं पलंगाच्या कुरकुरीवरून समजायचं. जेवायला बाबा आणि मी एका वेळी बसलो तर बसलो. आई नंतर उभ्यानेच काहीतरी खाई. भांडण नव्हतं. ते दोघं एकमेकांना दिसले की एखाद्या अनोळखी इमारतीच्या लिफ्टमध्ये भेटल्यासारखे बाजूला होत. मला तेव्हा एकच हवं होतं. या दोघांनी एका खोलीत यावं. दादा परत येणार नाही हे मला समजलं होतं, पण हे दोघंही परत येणार नाहीत की काय, याची मला भीती वाटायची, आणि ती सांगायला घरात कोणी नव्हतं.

मराठी वाचायला मी त्याच दिवसांत लागले. आईच्या कपाटात तिने माहेराहून आणलेली पुस्तकं होती. घरात कोणी बोलत नव्हतं, म्हणून मी ती उघडून ओठ हलवत वाचायची. निदान तशी तरी ती भाषा घरात कोणीतरी बोलत असे.

सप्टेंबर लागला आणि एके दिवशी शाळेतून आले तर निरोप्यावरचा दिवा लुकलुकत होता. बाबा त्या दिवशी घरीच होते. मशीनजवळ उभे होते आणि त्यांनी बटण दाबलं. एक सैल, अमेरिकी दक्षिणेकडचा हेल असलेला आवाज, ज्यात अमेयचा अमी झाला होता. "हे, अमी, धिस इज डेल. युअर बो इज इन. कम गेट इट, बडी." बाबांनी तो निरोप पुन्हा लावला. मग पुन्हा. मला वाटलं ते पुसतील. त्यांनी पुसला नाही. मला म्हणाले, "शरू, शनिवारी येशील माझ्याबरोबर?"

ते धनुष्यांचं दुकान उत्तरेला होतं, जिथे वस्ती विरळ होत जाते आणि क्षितिजावर डोंगर दिसायला लागतात. आत रबराचा आणि कसल्यातरी उग्र अत्तराचा वास होता, भिंतीवर हरणांची मुंडकी, खाली पशुखाद्याची पोती. डेल काउंटरमागे च्युइंगगम चघळत होता. बाबांनी नाव सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"ओ, यू आर द डॅड! ही सेड ही वॉज गॉना ब्रिंग यू."

 डेल मागे जाऊन धनुष्य घेऊन आला. मी कल्पना केली होती तसं ते नव्हतंच. काळसर हिरवं, जाड, दोन्ही टोकांना चाकं आणि त्यांतून फिरलेली दोरी. सुंदर म्हणावं की भीतिदायक, मला ठरवता येईना. डेलने सांगितलं की अमीने ते नुसतंच मागवलं होतं. एरो रेस्ट, म्हणजे बाण सुटेपर्यंत ज्यावर टेकतो तो छोटा भाग, त्याने मुद्दाम निवडायचा बाकी ठेवला होता. माझे बाबा इंजिनीअर आहेत, असल्या गोष्टी त्यांना फार आवडतात, आम्ही दोघं मिळून निवडू, असं म्हणाला होता.

हे बाबांना माहीत होतं की नाही, ते मी पुढे एकदा विचारलं होतं. माहीत होतं. दादाने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही शनिवारी बाबांनी कामामुळे कॅन्सल केलं होतं.

डेलने काउंटरवर तीन-चार रेस्ट मांडले आणि विचारायला लागला. झाडावर मचाण बांधून बसणार की जमिनीवरून? किती अंतरावरून मारतो? प्लास्टिकची पिसं लावतो की खरी? प्रत्येक प्रश्नाला बाबा ओठ उघडायचे आणि मिटायचे. डेल थांबला.

"ही कुडन्ट कम टुडे?"

"नो," बाबा म्हणाले. "ही कुडन्ट कम." आणि मग, धनुष्य उचलत, "आय विल आस्क हिम."

आम्ही घरी आलो. धनुष्य बाबांनी गॅरेजमध्ये, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांमागे उभं करून ठेवलं आणि वर चादर टाकली. आई वरच होती.

त्या आठवड्यात बाबा डायनिंग टेबलावर येऊन बसू लागले. डेलने दिलेली कॅटलॉगं, नेटवरून काढलेले प्रिंट, पिवळा हायलायटर. त्यांनी दार उघडलं होतं, आणि त्यांच्यासमोर बसायला मला परवानगी लागत नव्हती, एवढ्यावर मी खूश होते. ते मला समजावून सांगत. मुख्य जाती दोन. एकात बाण एका छोट्या दोन बोटांच्या खाचेवर टेकतो, आणि दोरी सुटली की ती खाच झटकन खाली पडते. बाणाला जाताना कशाचाच धक्का लागत नाही. हा तेव्हा नवाच आला होता. दुसऱ्यात ब्रशच्या केसांचं एक गोल कडं असतं आणि बाण त्याच्या मधोमध ओवलेला. तो पडू शकत नाही, पण सुटताना त्याची पिसं केसांना घासून जातात. बाबांनी दोन्हींची तुलना इतकी केली की त्यांना त्या वस्तूसाठी शब्द लागला, आणि त्यांनी नेहमीसारखा तो पाडला. रेस्ट म्हणजे विसावा. बाणविसावा. दोन दिवसांत त्यातला बाण गळून पडला आणि नुसता विसावा उरला. "पडता विसावा हलका आहे बघ." "या विसाव्याला स्क्रू दोनच आहेत." त्यांच्या तोंडून पुन्हा असा शब्द ऐकताना मला बरं वाटत होतं, म्हणून मीही म्हणू लागले. विसावा.

एका संध्याकाळी आई चहा करायला खाली आली. ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती, नळ सुरू होता. बाबा कागद गोळा करत मला म्हणाले, "शरू, अमेयचा विसावा राहिलाय. या शनिवारी करून टाकू."

नळ बंद झाला.

"काय म्हणालात?" आई वळली नाही.

"विसावा गं," बाबा म्हणाले. "त्याचा राहिलाय ना. मी कधीपासून म्हणतोय मनात, शनिवारी जाऊन—"

आई सिंकला पाठ लावून हळूहळू खाली बसली. फरशीवर, गाउनमध्ये पाय घेऊन. मला वाटलं तिला चक्कर आली. पण ती बाबांकडे बघत होती. कितीतरी दिवसांत तिने कोणाकडे तसं बघितलं नव्हतं.

"तुम्हालाही तेच वाटतं?" ती म्हणाली. "मला वाटलं मला एकटीलाच वाटतं. म्हटलं, यांना काय सांगायचं, हे म्हणतील इथे कुठे असतं तसं काही. त्या अंत्यविधीच्या हॉलमधून निघालो ते थेट नेलं हो त्याला. कुठ्ठे थांबलो नाही. आमच्याकडे माणसाला वाटेत एकदा टेकवतात, खांदे बदलतात, मग पुढे नेतात. माझ्या आज्याला नेलं तेव्हा पिंपळापाशी ठेवलं होतं, माझा भाऊ सांगायचा. आणि आपल्या पोराला कोणी खांदासुद्धा नाही दिला. चाकांवरून नेला. खालच्या गालिच्यावर त्या चाकांचा आवाजही नाही आला."

हे ती इतके दिवस दादाच्या खोलीत घेऊन बसली होती. हातातले कागद घेऊन बाबा उभेच होते. विसाव्याचा तो अर्थ त्यांना माहीत नव्हता असं नाही. त्यांनी स्वतःच्या वडिलांना खांदा दिला होता. पण शब्द त्यांनी पुस्तकातून उचलला होता, आणि पुस्तकातला विसावा म्हणजे दमलेला वाटसरू, झाडाची सावली. त्यांनी मनात आणलं असतं तर ते त्या क्षणी हो म्हणून मोकळे झाले असते. पण माझे बाबा खोटं बोलू शकत नसत.

"सुमे," ते म्हणाले, "मी धनुष्याचं बोलत होतो."

"कसलं धनुष्य?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "दादाचं. इट्स इन द गॅरेज."

आई उठली. आम्ही तिच्या मागे गेलो. मी चादर काढली. आईने धनुष्याला हात लावला नाही, सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं, नवीन सुनेला बघावं तसं.

"मला म्हणाला होता," ती म्हणाली, "आई, हरण आणलं तर रस्सा करशील का. मी म्हटलं, आधी आण तर. माझी वांगी खाल्लीयेत त्यांनी, सावजी मसाल्यात घालते एकेकाला." ती हसली नाही. "याला काय राहिलंय?"

बाबांनी एक बाण घेतला, दोरीला लावला, पुढचं टोक धनुष्याच्या मुठीवर नेलं आणि बोट काढलं. बाण खाली सिमेंटवर पडला. बारीक, लांब वाजत गेला.

"इथे टेकायला काहीतरी लागतं," बाबा म्हणाले. "ते राहिलंय."

आई वाकली आणि तिने बाण उचलला.

"मीपण येते शनिवारी," ती म्हणाली.

पुढे आयुष्यात मला दोनदा अंत्ययात्रेच्या गाडीत बसावं लागलं, आधी आईच्या, मग बाबांच्या वेळी. दोन्ही वेळा मी त्या लांब काळ्या गाडीच्या ड्रायव्हरला अर्ध्या वाटेत बाजूला थांबायला सांगितलं. पहिल्याने विचारलं, मॅम, आर यू गोइंग टु बी सिक? मी नो म्हणाले आणि खाली उतरून थोडा वेळ नुसती उभी राहिले. लोकांना समजावून सांगण्यासारखं त्यात काही नसतं.

शनिवारी आईने केस धुतले, साडी नेसली. धनुष्याच्या दुकानात जायला कोणी साडी नेसत नाही हे मी तिला सांगितलं नाही. ती पुढे बाबांच्या शेजारी बसली, मी मागे धनुष्याबरोबर. दुकानात शिरताच बाबा सरळ डेलकडे गेले आणि त्यांनी त्याला सांगितलं. हलक्या आवाजात, दोन वाक्यांत. डेलने टोपी काढली.  तो मागे गेला, बराच वेळ आला नाही, आणि आला तेव्हा दुकानातले सगळे रेस्ट एका ट्रेमध्ये घालून आला. आईसमोर त्याने तो ट्रे असा ठेवला, जसे सराफ ठेवतात.

बाबांनी लगेच पडता विसावा उचलला. "हे बघ. बाण सुटला की हा खाली जातो. कशाचाही स्पर्श नाही. सगळ्यात अचूक."

"आणि सुटायच्या आधी?"

"आधी धरून ठेवतो."

डेलने तो धनुष्याला तात्पुरता लावून दिला. आईने बाण त्याच्यावर ठेवला, धनुष्य दोन्ही हातांत धरलं आणि किंचित कलतं केलं. बाण घरंगळून काचेच्या काउंटरवर पडला.

"धरतो म्हणे!"

"अगं, तिरकं कशाला करतेस?"

"तो काय सरळ धरणार होता? दुधाचा ग्लास कधी सरळ धरलाय त्याने? सोफ्यावरचे डाग बघा जाऊन." तिने ब्रशचं कडं उचललं. "हा काय?"

"तो नको. त्याचे केस पिसांना घासतात. स्पीड कमी होतो."

"घासू दे की."

"सुमे, मी आठवडाभर वाचतोय याच्यावर."

"वाचा. तुम्ही वाचतच राहा." आईचा आवाज चढला. "पोरगं दोन शनिवार थांबलं तुमच्यासाठी, तेव्हा काय वाचत होतात?"

बाबा पांढरे पडले. डेल मराठीतलं एक अक्षर कळत नसताना एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत होता. कोणीतरी गिऱ्हाईक दारातून आलं आणि परत गेलं. मला वाटलं, झालं, आता हे दोघं आपापल्या खोल्यांत जातील आणि दारं कायमची लागतील. पण बाबा हलले नाहीत.

"घासलं तर वेग कमी होतो," ते हट्टाने, अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"होऊ दे कमी," आई म्हणाली. "आता कुठे जायची घाई आहे त्याला?"

 दुकानाच्या मागच्या बाजूला कोणीतरी नेमबाजीचा सराव करत होतं. उशी पडल्यासारखा तो आवाज येत होता, थांबत होता, येत होता. मला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि मला खरं तेवढंच माहीत होतं.

"आई," मी म्हणाले, आणि माझ्या लक्षात आलं की मी मराठीत बोलते आहे. "दादाला तो दुसरा हवा होता. पडणारा. त्याने मला पिक्चर दाखवलं होतं."

आईने माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं ती रडेल.

"माहीतेय मला त्याला काय हवं होतं," ती म्हणाली. "नवीन ते सगळं हवं असतं त्याला. त्याला काय कळतंय? म्हणून तर आईबापाला बरोबर न्यायचं असतं."

त्याला काय कळतंय. ती असं बोलली जणू तो पलीकडे पोत्यांजवळ तोंड पाडून उभा आहे. बाबांच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. ते हसत होते. काउंटरच्या कडेला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते कोणत्या क्षणी हसायचे थांबले आणि दुसरं काही करू लागले ते मला सांगता येत नाही. आईने पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नाक पुसलं आणि ब्रशचं कडं पुढे केलं.

"हाच द्या," ते डेलला मराठीत म्हणाले.

"सर?"

"धिस वन. शी सेज धिस वन."

डेलने तो नीट बसवला, बाण ओवला आणि धनुष्य आईच्या हातात दिलं. तिने ते सगळ्या बाजूंनी कलतं केलं. मग उलटंसुद्धा केलं. बाण जागचा हलला नाही. डेल म्हणाला, ओढून बघा एकदा. बाबांनी ओढलं, दोरी अर्ध्यावर आली आणि तिथेच अडली. मला तर तेवढीही ओढता आली नाही. त्याच्या ताकदीला लावलेलं आहे, डेल म्हणाला, स्क्रू फिरवून मी हलकं करून देतो. बाबांनी आईकडे बघितलं.

"राहू दे," आई म्हणाली.

निघालो तेव्हा दुपार उतरत होती. दोन्ही बाजूंना पाइन, मधूनच लाल मातीचा उघडा पट्टा, घोड्यांची कुंपणं. आई पुढे, खिडकीला टेकून. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "थांबवा इथे."

"इथे कुठे?"

"इथेच."

एका छोट्या पांढऱ्या चर्चसमोर खडी टाकलेली मोकळी जागा होती, आणि तिच्या कडेला गवत. बाबांनी गाडी तिथे घेतली. चर्च बंद होतं, आसपास कोणी नव्हतं. आई उतरली, मागचं दार उघडून तिने माझ्या मांडीवरचं धनुष्य घेतलं, आणि गवतावर ठेवलं. मग तिला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यांच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. तिने हे सगळं फक्त ऐकलेलं होतं.

"पुढे काय करतात?" तिने विचारलं.

बाबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. गवतात टोळ उडत होते. "थोडं थांबायचं," ते म्हणाले. मग आम्ही थांबलो. एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने आईचा पदर उडाला. "मग खांदे बदलायचे. पुढचे मागे जातात, मागचे पुढे येतात."

"चौघं लागतात ना त्याला?"

"हो," बाबा म्हणाले. "चौघं लागतात."

 मग बाबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली.

माझ्याकडे शिकाऊ लायसन्स होतं. शिकवायचा दादा. तो गेल्यापासून स्टिअरिंगला मी हात लावला नव्हता, आणि आईने मला गाडीच्या पुढच्या सीटवरसुद्धा बसू दिलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती धनुष्य उचलत होती. "हळू चालव," ती म्हणाली, "आणि आरसे बघ आधी."

ते दोघं मागे बसले. धनुष्य त्यांनी दोघांच्या मांड्यांवर आडवं घेतलं, एक टोक आईकडे, एक बाबांकडे. शिकाऊ माणसाच्या शेजारी मोठं कोणीतरी बसावं लागतं, असा नियम आहे. तो आमच्यापैकी कोणालाच आठवला नाही. मी सीट पुढे ओढली. बेल्ट लावला. आरसा खाली केला तेव्हा त्यात ते दोघं दिसले, खांद्याला खांदा लागलेले, समोर बघत. इतके दिवस मला जे हवं होतं ते माझ्या मागे बसलेलं होतं. माझ्या शेजारची सीट रिकामी होती, आणि तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघायला मला तेव्हाच शिकायला लागणार होतं.

मी इंडिकेटर लावला, वळून मागचा रस्ता पाहिला. मोकळा होता. मी गाडी काढली.